आंब्याचा साक्षीदार : गार्सिया द ओर्ता

एप्रिल संपून मे उजाडला की कल्याणच्या पुढे कसारा मार्गावरील टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव या स्थानकांबाहेर रानमेव्याच्या टोपल्या दिसू लागतात. पानांच्या द्रोणांत करवंदे, जांभळे आणि त्यांच्या शेजारी रायवळ आंब्यांची रास. कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात मात्र याच सुमारास राज्य असते ते पेटीतल्या हापूसचे. करवंद, जांभूळ, फणस, भिरंड आणि आंबा या आपल्या रोजच्या फळांची युरोपला पहिली सविस्तर ओळख करून देणारा माणूस सोळाव्या शतकात याच किनाऱ्यावर वावरत होता. तो गोव्यात राहिला, वसई आणि ठाण्याच्या परिसरात फिरला, अहमदनगरच्या दरबारात वैद्य म्हणून मानला गेला आणि चक्क मुंबई बेटाचा खंडकरीही झाला. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. हापूस आंब्याचे मूळ शोधू पाहणाऱ्या कोणालाही ओर्ता यांच्या ग्रंथाशी थांबावेच लागते. आणि ओर्ता यांच्या आयुष्याशी थांबले की आंब्याचा गोडवा काही काळ विसरावा लागतो.

निर्वासितांच्या घरातला मुलगा

ओर्ता यांचा जन्म 1501 च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हिद या गावी झाला. हे गाव स्पेनच्या सीमेलगतचे. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. 1492 मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले तेव्हा हजारो कुटुंबे सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आली, त्यांत हेही कुटुंब होते. परंतु आसरा फार काळ टिकला नाही. 1497 मध्ये पोर्तुगालच्या राजानेही ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा लोकांना नवख्रिस्ती म्हटले जाई. चर्चमध्ये जाणारे, ख्रिस्ती नावे लावणारे, पण शेजाऱ्यांच्या आणि राजसत्तेच्या नजरेत कायम संशयित राहिलेले असे हे लोक होते. गार्सिया यांचा जन्म या सक्तीनंतरचा. त्यामुळे जन्मापासूनच त्यांच्या वाट्याला दुहेरी आयुष्य आले.

बुद्धिमान गार्सिया शिक्षणासाठी स्पेनमधील सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत गेले. तेथे त्यांनी तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांचा अभ्यास केला. त्या काळी वैद्यक म्हणजे गॅलेन, डायोस्कोरिडीस यांसारख्या प्राचीन ग्रीक आचार्यांचे आणि अरबी हकिमांचे ग्रंथ तोंडपाठ करणे. 1526 मध्ये त्यांना वैद्यकीचा परवाना मिळाला. काही काळ गावी आणि नंतर लिस्बनमध्ये व्यवसाय केल्यावर 1530 पासून ते लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागले. मान, पैसा, प्रतिष्ठा हे सर्व हाताशी येत होते. मात्र नवख्रिस्त्यांभोवतीचा फासही आवळत चालला होता. पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, स्थापन करण्याच्या हालचाली सुरू होत्या.

मार्च 1534 मध्ये मार्तीं आफोन्सु द सोझा हा सरदार पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख म्हणून हिंदुस्थानकडे निघाला. त्याचा वैद्य म्हणून ओर्ता जहाजावर चढले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गोव्याला पोहोचले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1536 मध्ये, पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय सुरू झाले. ओर्ता पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत.

उत्तर कोकणाची पहिली ओळख

ते आले तेव्हा या किनाऱ्याचा नकाशाच बदलत होता. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईच्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांच्या हवाली केली. सोझाच्या आरमाराबरोबर ओर्ता यांचा वसई, मुंबई, दीव असा संचार झाला. घारापुरीची लेणी त्यांनी पाहिली आणि पुढे आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णनही केले. खडवलीजवळून वाहणाऱ्या भातसेचे पाणी उल्हास नदीला मिळून ज्या वसईच्या खाडीतून समुद्राला जाते, त्याच खाडीच्या मुखाशी तेव्हा पोर्तुगिजांचा नवा मुलूख आकार घेत होता.

1538 च्या सुमारास सोझा मायदेशी परतला, पण ओर्ता गोव्यातच स्थिरावले. त्यांनी मोठा दवाखाना चालवला, औषधी आणि जडजवाहिरांचा व्यापार केला, घरामागे औषधी वनस्पतींची बाग लावली. पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्यांच्याकडून उपचार घेत. त्यांची कीर्ती घाटापलीकडे गेली आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा याने त्यांना आपल्या दरबारी बोलावले. या दोघांचे नाते केवळ राजा आणि वैद्य एवढेच नव्हते. निजामशहाने ओर्ता यांना रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली, तर ओर्ता यांनी त्याला तीच नावे लॅटिनमध्ये सांगितली. दरबारातील हकिमांशी त्यांच्या चर्चा झडत. एका बाजूला जप्त्या आणि छळाच्या भीतीने देश सोडलेला ज्यू वंशाचा वैद्य, दुसऱ्या बाजूला दख्खनचा सुलतान. आणि दोघांमधला विषय मात्र औषधाच्या मुळ्यांचा. सोळाव्या शतकातील दख्खनचे हे चित्र आजही विचार करायला लावणारे आहे.

याच काळात त्यांनी इथल्या वैद्यांकडूनही बरेच काही घेतले. गोव्यातील मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य त्यांच्या ग्रंथात प्रत्यक्ष पात्र म्हणून येतो. 1543 मध्ये गोव्यात पटकीची भयंकर साथ आली. तिचे ओर्ता यांनी केलेले वर्णन हे युरोपीय वैद्याने केलेल्या या रोगाच्या आरंभीच्या वर्णनांपैकी एक मानले जाते. या रोगाचे स्थानिक नाव म्हणून त्यांनी जो शब्द नोंदवला, तो आपला मोडशी हा शब्द होय. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे मोर्देशी झाले, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे.

मुंबई बेटाचा खंडकरी

1554 च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने ओर्ता यांना मुंबई बेट वार्षिक खंडाने दिले. आजच्या भाषेत सांगायचे तर ज्या जमिनीवर पुढे कोट विभाग उभा राहिला, ती एका वैद्याने भाडेपट्ट्याने घेतली होती. तेव्हाची मुंबई म्हणजे नारळ-ताडांची झाडे, भातखाचरे, कोळी-भंडाऱ्यांची वस्ती आणि दलदल. आजच्या टाऊन हॉलच्या मागे, नौदलाच्या ताब्यातील परिसरात, त्यांचे घर असावे असे मानले जाते. ओर्ता स्वतः बहुधा गोव्यातच राहत; बेटाचा कारभार त्यांची माणसे पाहत आणि उत्पन्नाबरोबर फळांच्या करंड्या गोव्याला पाठवत.

या करंड्यांमधील आंब्यांनी ओर्ता यांच्या ग्रंथातील एक प्रकरण जिवंत केले आहे. मुंबईतील आपल्या एका आंब्याच्या झाडाचा त्यांना मोठा अभिमान होता. हे झाड वर्षातून दोनदा फळे देई. एक बहर नाताळच्या सुमारास आणि दुसरा मे अखेरीस. वर्षातून दोनदा फळणारी आंब्याची झाडे मुंबईत होती, हे पुढे माझगावच्या आंब्यांच्या संदर्भातही नोंदले गेले. आज सिमेंटच्या जंगलात त्यांचा मागमूसही उरलेला नाही. परंतु एका विशिष्ट झाडाचे, त्याच्या मालकाचे, ठिकाणाचे आणि बहराच्या काळाचे असे नेमके वर्णन मुंबईच्या आंब्याबाबत त्याआधी कोणी केलेले आढळत नाही.

एक ग्रंथ, दोन ओर्ता

10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात ओर्ता यांचा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील वनस्पती आणि औषधींविषयीचे संवाद, असे त्याच्या नावाचे सार सांगता येईल. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. जुआंव द एंडें या मुद्रकाने तो छापला. मुद्रणदोष इतके राहिले की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोंइश तेव्हा गोव्यात होता. त्याची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे.

हा ग्रंथ संवादरूपात आहे. सालामांकाहून नुकताच आलेला रुआनो नावाचा विद्वान वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतात. रुआनो हे काल्पनिक पात्र आहे. पुस्तकी ज्ञानाचा त्याला अभिमान आहे. प्रत्येक गोष्टीत तो ग्रीक आचार्यांचा आधार शोधतो. एका अर्थाने रुआनो म्हणजे युरोपात शिकलेले तरुण ओर्ताच आहेत आणि त्याला उत्तर देणारे म्हणजे तीस वर्षे या मातीत राहून डोळे उघडलेले ओर्ता. ओर्ता त्याला वारंवार सांगतात की मी हे स्वतः पाहिले आहे, चाखले आहे, इथल्या वैद्यांना विचारले आहे. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलण्याचे धाडस केले नसते, अशी कबुलीही ते एका ठिकाणी देतात. ज्याला स्वतःच्या धर्माविषयी आयुष्यभर मौन पाळावे लागले, त्याने ज्ञानाच्या प्रांतात मात्र असे निर्भीडपण दाखवले.

या संवादांतून आपल्या ओळखीची फळे एकामागून एक येतात. करवंदाचे ते कारांदा म्हणून वर्णन करतात, भिरंडाला ब्रिंदांव म्हणतात, जांभळाचे नाव जांबोलांव असे देतात. फणसाला इथले लोक पनस म्हणतात, हे ते नोंदवतात. ओर्ता यांची अंतोनिया नावाची दासी बागेतून, बाजारातून नमुने आणून रुआनोपुढे ठेवते आणि चर्चा पुढे सरकते. ग्रंथातील ज्ञानामागे अशा गुलामीत जगणाऱ्या माणसांचेही श्रम होते, हे आजच्या वाचकाने विसरता कामा नये.

आंब्याच्या प्रकरणात फळ उष्ण की थंड, हा आजही घरोघरी चालणारा वाद आहे. कैरीचे आले-लसूण भरून तेल-मिठात घातलेले लोणचे आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठिकठिकाणच्या आंब्यांची तुलना आहे. गुजरातचा आंबा आकाराने लहान, पण बारीक कोयीचा आणि सुगंधी; घाटावरचे आंबे वजनाने भारी; अशी प्रतवारी ते लावतात. ही प्रतवारी प्रदेशावर आधारलेली आहे. हापूस, पायरी, मानकुराद अशी नावे तेथे नाहीत. हापूसच्या इतिहासात ही गोष्ट कळीची ठरते.

हापूस आला कोठून?

कारण हापूस हे एका प्रदेशाचे फळ असले, तरी मुळात ती एका झाडाची संतती आहे. हापूसची कोय पेरली तर उगवणारे झाड हापूस देईलच असे नाही. बहुतेक वेळा ते रायवळच निघते. मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे टिकवायचे तर त्याची फांदी दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. म्हणजेच कलम करावे लागते. भेट कलम, कोय कलम या पद्धतींनी वाढवलेले आजचे प्रत्येक हापूसचे झाड म्हणजे कधीकाळी गोव्यात उगवलेल्या एका झाडाचाच अंश होय. हिंदुस्थानातील आंब्यावर कलमाचे तंत्र पद्धतशीरपणे वापरून निवडक झाडांच्या जाती टिकवण्याचे श्रेय गोव्यातील पोर्तुगिजांना, विशेषतः जेझुइट धर्मगुरूंना दिले जाते.

या जातींची नावेही त्याच काळाची खूण सांगतात. पायरी हे पेरेस या पोर्तुगीज आडनावावरून, मानकुराद हे फिक्या रंगाचा या अर्थाच्या माल्कोरादा या शब्दावरून आणि हापूस हे आफोन्सु या नावावरून आले, असे मानले जाते. हा आफोन्सु म्हणजे गोवा जिंकणारा आफोन्सु द आल्बुकर्क, अशी समजूत सर्वत्र आहे. परंतु आल्बुकर्कचा मृत्यू 1515 मध्ये झाला. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, गोव्यातच राहून, आंब्यावर इतक्या आस्थेने लिहिणारे ओर्ता त्याच्या नावाचा आंबा सांगत नाहीत. पुढे अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा प्रवासी गोव्याचे आंबे सर्वोत्तम असल्याचे सांगतो आणि त्यांच्या जातींची नावेही देतो. त्या यादीत पहिले नाव निकोलाव आफोन्सुच्या आंब्याचे आहे. म्हणजे ओर्ता आणि मनुची यांच्या दरम्यानच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत गोव्यात झाडांना माणसांची नावे मिळाली. आपला हापूस हा सेनापती आल्बुकर्कऐवजी या निकोलाव आफोन्सुच्या बागेतला असण्याची शक्यता त्यामुळे अधिक बळकट होते. ओर्ता यांच्या ग्रंथात जे नाही, त्याचाही असा उपयोग होतो.

गोव्याहून हापूस उत्तरेकडे सरकला आणि रत्नागिरी, देवगडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत आणि खाऱ्या वाऱ्यात त्याला खरे घर मिळाले. पातळ साल, केशरी गर, रेषा जवळजवळ नाहीत, दरवळणारा सुगंध आणि पिकल्यावरही काही दिवस टिकण्याची ताकद या गुणांनी तो राजा ठरला. झेल्याने काढून, गवताच्या अढीत घालून पिकवलेल्या हापूसची सर दुसऱ्या फळाला नाही, असे कोकणी माणूस म्हणतो ते उगाच नव्हे. या राजाचे दोषही आहेत. तो वर्षाआड फळतो आणि फळाच्या आत साका धरतो, जो कापल्याशिवाय कळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलम यांच्या संकरातून रत्ना ही जात 1981 मध्ये दिली, ती हे दोष कमी करण्याच्या प्रयत्नातूनच. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि आपल्या ठाणे जिल्ह्यासाठी. ज्या वसई-ठाण्यात ओर्ता फिरले, तो टापू अशा रीतीने हापूसच्या अधिकृत नकाशात आला आहे.

मेल्यानंतरची शिक्षा

ग्रंथ प्रसिद्ध होण्याच्या तीन वर्षे आधी, 1560 मध्ये, गोव्यातही धर्मन्यायालय आले होते. ज्या भीतीने ओर्ता यांनी देश सोडला, ती आता समुद्र ओलांडून त्यांच्या दारात उभी राहिली. त्यांची आई आणि बहिणी यांना लिस्बनमध्ये धर्मन्यायालयाच्या तुरुंगाचा अनुभव आलेला होता. 1549 मध्ये त्या गोव्यात येऊन राहिल्या होत्या. ओर्ता यांचे मोठमोठ्या अधिकाऱ्यांशी असलेले संबंध, त्यांचे वय आणि कीर्ती यांनी त्यांना संरक्षण दिले. 1568 मध्ये ते गोव्यात वारले.

त्यांच्या मृत्यूबरोबर ते संरक्षणही संपले. त्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला अटक झाली. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून 25 ऑक्टोबर 1569 रोजी गोव्यात तिला जिवंत जाळण्यात आले. तिच्याकडून आणि इतर नातेवाइकांकडून मिळवलेल्या जबान्यांत भाऊही मनाने ज्यूच होता, असे नोंदवले गेले. मग खटला मृत माणसावर चालला. 4 डिसेंबर 1580 रोजी, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, ओर्ता यांच्या अस्थी उकरून काढून जाहीररीत्या जाळण्यात आल्या. ज्या गोव्याच्या रोग्यांना त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ औषध दिले, त्या गोव्यात त्यांचे थडगेही ठेवले गेले नाही.

पुस्तक मात्र जाळणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती 1564 च्या प्रवासात त्याची प्रत पडली आणि 1567 मध्ये अँटवर्पला त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद छापून आला. तेव्हा ओर्ता हयात होते. या लॅटिन आवृत्तीतून युरोपभरच्या विद्यापीठांनी हिंदुस्थानच्या वनस्पती जाणून घेतल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काउंट द फिकाल्यु यांनी मूळ ग्रंथाची अभ्यासपूर्ण आवृत्ती काढली, तर 1913 मध्ये क्लेमंट्स मार्खम यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. अस्थी जाळल्याची हकिकत मात्र 1930 च्या दशकात धर्मन्यायालयाची कागदपत्रे अभ्यासली गेली तेव्हाच जगापुढे आली. तोवरचे चरित्रकार त्यांना एक सुखासमाधानाने जगलेला, धर्मनिष्ठ पोर्तुगीज पंडित समजत होते.

आज पोर्तुगालमध्ये त्यांच्या नावाचे मोठे रुग्णालय आहे. एके काळी तेथील चलनी नोटेवर त्यांचे चित्र होते. पणजीत चर्चसमोरच्या चौकातील महापालिकेची बाग त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईत मात्र, जिचे बेट त्यांनी खंडाने घेतले आणि जिच्या आंब्याची ख्याती त्यांनी जगाला सांगितली, त्यांची आठवण इतिहासाच्या अभ्यासकांपुरतीच उरली आहे.

आंब्याच्या बागेत नशिबाचाही एक भाग असतो. निकोलाव आफोन्सु कोण होता, काय करत होता, याची इतिहासाने फारशी दखल घेतली नाही; तरीही त्याचे नाव मानले जाणारे फळ दरवर्षी लाखो घरांत पोहोचते. ज्याने आंब्याची पारख केली, त्याचे झाड, बहर आणि चव शब्दांत बांधून ठेवली, त्या ओर्ता यांच्या नावाची जात नाही. त्यांच्या नावाने उरले ते केवळ एक चुकांनी भरलेले, घाईने छापलेले पुस्तक. परंतु पाहिल्याशिवाय मानू नये आणि विचारल्याशिवाय लिहू नये, हा त्या पुस्तकाचा धडा पावणेपाचशे वर्षांच्या आसपास होऊनही शिळा झालेला नाही.